सरकारी कन्सल्टिंगची नोकरी: काम तुमचं, सही दुसऱ्याची

२०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने नऊ खासगी एजन्सीजमार्फत कंत्राटी भरती करायचा जीआर काढला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, जिल्ह्याजिल्ह्यात स्पर्धा परीक्षावाली पोरं रस्त्यावर आली, विरोधकांना आयतं कोलीत मिळालं आणि २० ऑक्टोबरला तो जीआर रद्द करतोय असं जाहीर करायची वेळ आली. बरोबरच होतं ते. पण त्याच दिवसांत, त्याच मंत्रालयात, कितीतरी खात्यांच्या सचिवांच्या केबिनबाहेर गळ्यात कन्सल्टिंग कंपनीचं आयकार्ड अडकवून लॅपटॉप उघडून बसलेली पाच-दहा पोरंपोरी होतीच, तीही कंत्राटीच होती, आणि त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे लिपिक कंत्राटी नको, धोरणाचा मसुदा लिहिणारा कंत्राटी चालेल.

मी काही वर्षं या आयकार्डवाल्यांत होते, त्यामुळे हा लेख तटस्थ वगैरे समजू नका. कॅम्पस प्लेसमेंटचा सीझन आला की ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, बिग फोरमध्ये (म्हणजे डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या चार मोठ्या फर्म्सपैकी एकीत) गव्हर्नमेंट प्रॅक्टिसला, सरकारी खात्यांना सल्ला देणाऱ्या विभागात, ऑफर आहे, घेऊ का. या नोकरीचे फायदे-तोटे असे दोन रकाने पाडून मांडता येत नाहीत, कारण ते सगळे एकाच गोष्टीतून निघतात. ती गोष्ट म्हणजे इथे तुम्ही सरकारचं काम करता पण तुमची सही कुठेच नसते.

आधी हे कसं चालतं ते सांगते, बाहेरच्यांना माहीत नसतं. खात्याला एखादी योजना राबवायचीय, केंद्राची असेल, वर्ल्ड बँकेच्या पैशाची असेल, आणि माणसं नाहीत. राज्यात सात लाखांच्या वर मंजूर पदं आहेत आणि त्यातली दोन लाखांहून जास्त रिकामी, तेव्हा माणसं नाहीत हे कारण खोटं नाहीये. मग पीएमयू, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट युनिट, नेमायचं ठरतं, आरएफपी, म्हणजे प्रस्ताव मागवणारी निविदा, निघतो, डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी, ग्रँट थॉर्नटन अशा फर्म्स बोली लावतात. बहुतेक वेळा क्यूसीबीएस पद्धत, म्हणजे दर्जा आणि दर दोन्ही बघून निवड, सत्तर टक्के वजन तांत्रिक गुणांना आणि तीस दराला, आणि तांत्रिक गुणांत मोठा वाटा सीव्हींचा. इथेच पहिली गंमत होते. ज्या पंधरा वर्षं अनुभववाल्या तज्ज्ञाच्या सीव्हीवर मार्क मिळाले तो सुरुवातीचे काही महिने दिसतो, मग त्याला फर्म दुसऱ्या टेंडरवर नेते, त्याच्या जागी "समकक्ष" माणूस येतो, आणि वर्षभरात टीममध्ये सगळ्यात जुनं कोण असेल तर गेल्या जूनमध्ये लागलेली चोवीस वर्षांची मुलगी. माणूस बदलला तर दंड अशी अट करारात असते, पण तो लावायचा तर खात्याला पत्र लिहावं लागतं आणि ते पत्र ड्राफ्ट करायला सांगणार कुणाला, तर आम्हालाच.

आता काम काय, तर अधिवेशनाचं उदाहरण देते. विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचनांचा पाऊस पडतो. "सदर योजनेत विलंब झाला, हे खरे आहे काय? असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" असा प्रश्न संध्याकाळी खात्यात येतो, उत्तर सकाळी मंत्र्यांच्या टेबलावर पाहिजे. जिल्ह्यांची आकडेवारी कोणाकडे? पीएमयूच्या एक्सेलमध्ये. मग कक्ष अधिकारी खुर्ची ओढून बाजूला बसतात, आम्ही टाइप करतो, ते दुरुस्त करतात. "होय" लिहिलं की म्हणतात, मॅडम असं सरळ होय नाही लिहायचं, "हे अंशतः खरे आहे" लिहा. खाली विलंबाची चार कारणं मी प्रामाणिकपणे लिहिलेली, त्यातली तीन गेली, "तथापि" घालून कार्यवाही सुरू असल्याचं एक वाक्य आलं आणि शेवटच्या प्रश्नाला "प्रश्न उद्भवत नाही". रात्री साडेदहाला फाइल ई-ऑफिसवर चढली ती त्यांच्या लॉगिनने, अवर सचिव, उपसचिव, सचिव करत वर गेली. दुसऱ्या दिवशी मंत्रीमहोदय सभागृहात वाचत होते ती वाक्यं आमच्या टेबलावर जन्मलेली.

खरं सांगते, त्या वयात हे डोक्यात जातं. पंचविशीत तुम्ही सचिवांच्या मीटिंगमध्ये भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलेले असता, समोर सहा जिल्हा परिषदांचे सीईओ व्हिडिओ कॉन्फरन्सवर, आणि "तो स्लाइड नऊ परत दाखवा" म्हटल्यावर सगळे तुमची स्लाइड बघतात. खासगी कंपनीत त्या वयात तुम्ही कुठल्यातरी शाम्पूचा मार्केट शेअर मोजत असता, इथे पाच हजार गावांची पाणी ताळेबंदाची आकडेवारी तुमच्या हातात असते. आणि सरकार कसं चालतं हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यतेत फरक काय, वित्त विभाग फाइल परत का पाठवतो, पुरवणी मागणीत पैसे मंजूर झाले म्हणजे हातात आले असं का नसतं, बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी ३१ मार्चच्या संध्याकाळी का उगवतो, हे कुठल्या एमबीएत शिकवत नाहीत आणि एमपीएससीच्या पुस्तकात तर नाहीच.

एमपीएससीवरून आठवलं. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि दिल्लीच्या मुखर्जीनगरात पाच-सहा वर्षं घालवून मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत आलेल्या पोरांसाठी ही नोकरी वरदान होऊ शकते हे कुणी त्यांना नीट सांगत नाही. त्यांना योजना पाठ असतात, राज्यघटना पाठ असते, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांना शासकीय मराठी लिहिता येतं. टीममध्ये आयआयएमचा दिल्लीचा मुलगा भन्नाट डेक, म्हणजे प्रेझेंटेशन, बनवतो पण ती टिपणी म्हणून नस्तीत, म्हणजे फाइलीत, लावायची तर कुणीतरी मराठीत बसवावी लागते, आणि ती बसवणारा माणूस हळूहळू टीमला नकोसा न राहता हवाहवासा होतो. पण फर्मच्या एचआरला सीव्हीवरचा पाच वर्षांचा गॅप दिसतो, त्यामागचं वाचन दिसत नाही, त्यामुळे ही पोरं मागच्या दाराने, सब-कॉन्ट्रॅक्टरच्या पगारपत्रकावर येतात, काम तेच आणि पैसे निम्मे. हा अन्याय आहे आणि तो रोज चालतो. मुख्यमंत्री फेलोशिप आहे, पण त्यात साठ जागा, वर्षभराची मुदत आणि सव्वीसची वयोमर्यादा, अठ्ठावीस वर्षांच्या पोराने काय करायचं?

पैशाचं बघायला गेलं तर सरकारी नोकरीच्या सुरुवातीच्या पगाराहून बरे मिळतात, त्याच फर्ममधल्या डील ॲडव्हायजरीवाल्यांहून, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर सल्ला देणाऱ्यांहून, कमी. निविदेत एका सीनियर कन्सल्टंटचा महिन्याचा दर दोन-अडीच लाख असतो, तुमच्या हातात त्यातला किती येतो ते ऑफर लेटरवर दिसतंच, मधला फरक ऑफिस, पार्टनर आणि उशिराच्या बिलांचं व्याज यात जातो. बिलं उशिराच पास होतात. महिनाअखेरीला हजेरीचा टाइमशीट घेऊन सहीसाठी कार्यासनात उभं राहायचं, साहेब दौऱ्यावर, मग दौऱ्याहून आले तर अधिवेशन, आणि ती सही झाल्याशिवाय फर्मचं बिल हलत नाही आणि बिल नाही तर मॅनेजर तुमच्या डोक्यावर. इतरांच्या फाइलींवर शेरे सुचवणाऱ्या माणसाची स्वतःच्या हजेरीसाठी होणारी ही पायपीट बघण्यासारखी असते.

करार एक वर्षाचा, मुदतवाढ मिळाली तर मिळाली. सचिवांची बदली झाली की नवे साहेब पहिल्या आठवड्यात विचारतात, ही मंडळी कोण, काय करतात. तेव्हा पोटात गोळा येतो. सरकार बदललं तर योजनेचं नावच बदलतं, मग शंभर स्लाइड्सवरचा लोगो बदला, किंवा सामान आवरा आणि पुढचा प्रोजेक्ट मिळेपर्यंत बेंचवर बसा. हे फक्त आपल्याकडे नाही, अमेरिकेत २०२५ मध्ये नवं प्रशासन आलं आणि त्यांनी सगळ्यात मोठ्या दहा कन्सल्टिंग फर्म्सना तुमची कंत्राटं का ठेवायची ते सिद्ध करा म्हटलं, बूझ ॲलन हॅमिल्टन या जवळपास पूर्णपणे फेडरल कामावर जगणाऱ्या कंपनीने मे महिन्यात अडीच हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं. एकच गिऱ्हाईक असलेल्या धंद्यात गिऱ्हाईकाचा मूड हीच तुमची नोकरीची शाश्वती. घरी मात्र आई सांगत असते मंत्रालयात आहे, आणि मुलाकडचे विचारतात म्हणजे परमनंट ना.

तरी हे सगळं सहन करता येतं, नोकरी म्हटल्यावर काही ना काही असतंच. जे मला जास्त खटकतं ते असं की सही नसली की हळूहळू माणूस परिणामांचा विचार करणं सोडतो. जीआरच्या मसुद्यात तुम्ही एक अट घातली, लाभार्थ्याने अमुक दाखला जोडावा, तुम्हाला वाटलं गैरप्रकार टळेल. तो दाखला काढायला मेळघाटातल्या बाईला तालुक्याला तीन खेपा घालाव्या लागल्या तर तिला उत्तर देणार तलाठी, शिव्या खाणार ग्रामसेवक, चौकशी झालीच तर अडकणार अवर सचिव. तुम्ही तोवर बंगळुरूला दुसऱ्या प्रोजेक्टवर. चूक झाली तर अधिकारी म्हणतो कन्सल्टंटने तसं सुचवलं, कन्सल्टंट म्हणतो आम्ही फक्त सुचवतो. दोघंही खरं बोलतात.

आता यावर एक ठरलेलं उत्तर येतं, की मग बाहेरची माणसं घ्यायचीच कशाला, हाकला सगळ्यांना. मला ते पटत नाही. कक्ष अधिकारी एका वेळी तीन-तीन टेबलं सांभाळतोय, त्याला जीआयएस (संगणकावरचे नकाशे) येत नाही, डेटाबेस येत नाही, त्याने कधी शिकायचं? आणि बाहेरून माणसं घेऊन उत्तम झालेली कामंही आहेत, रोजच्या बघण्यातलं म्हणजे पासपोर्ट. २००८ ला टीसीएसला काम दिलं, देशभर ७७ सेवा केंद्रांपासून सुरुवात झाली, आणि पासपोर्टसाठी एजंट गाठणारी आपली पिढी अपॉइंटमेंट घेऊन दीड-दोन तासांत बाहेर पडायला लागली. पण तिथली रचना नीट बघा. ए काउंटरला कंपनीचा माणूस कागद स्कॅन करतो, फोटो काढतो, बोटांचे ठसे घेतो. बी आणि सी काउंटरला सरकारी अधिकारी बसतो, तपासायचं आणि मंजूर करायचं काम त्याचंच. कुठे कंपनी संपते आणि कुठे सरकार सुरू होतं ते रांगेतल्या माणसालाही दिसतं. पीएमयूमध्ये ही रेषाच नाही, ए, बी, सी तिन्ही काउंटरवर आम्ही आणि सही करायला साहेब.

सरकारं याला किती सवकतात ते फ्रान्समध्ये दिसलं, तिथे २०२२ ला सिनेटने अहवाल दिला की सरकारने आदल्या एका वर्षात कन्सल्टिंगवर एक अब्ज युरोहून जास्त खर्च केले आणि निवडणुकीच्या तोंडावर त्यावरून रान उठलं. आपल्याकडेही इंडियन एक्सप्रेसने २०२३ मध्ये माहिती अधिकारातून काढलं होतं, केंद्राच्या सोळा मंत्रालयांनी पाच वर्षांत बिग फोर आणि मॅकिन्झीला मिळून ५०० कोटींच्या वर दिले. केंद्राच्या बजेटपुढे ही रक्कम मला फार मोठी वाटत नाही. त्या पैशात मिळालेलं ज्ञान राहिलं कुठे, हा माझा प्रश्न आहे. स्मार्ट सिटी मिशन घ्या, २५ जून २०१५ ला सुरू झालं, ३१ मार्च २०२५ ला संपलं, राज्यातली आठ शहरं होती त्यात, प्रत्येक शहराने सल्लागार नेमले, रस्त्यांचे, पाण्याचे, ट्रॅफिकचे ढिगाने अहवाल झाले. करार संपले तशा टीम्स पांगल्या. ते अहवाल तुमच्या महापालिकेच्या वेबसाइटवर शोधून बघा, आणि सापडला तर मला कळवा.

आणि इथे ऑस्ट्रेलियाकडून घेण्यासारखं आहे, जरी तिथे भानगडी आपल्याहून मोठ्या झाल्या तरी. २०२३ ला पीडब्ल्यूसीचं प्रकरण बाहेर आलं, मल्टिनॅशनल कंपन्यांची करचुकवेगिरी रोखायला सरकार काय कायदा करणार याची गोपनीय माहिती सरकारला सल्ला देणाऱ्या पार्टनरने आतल्या आत फिरवली आणि फर्मने त्यावर धंदा शोधला. शेवट असा झाला की त्यांना आपला तिथला सरकारी कामाचा अख्खा विभाग एका ऑस्ट्रेलियन डॉलरला विकावा लागला. मग २०२५ मध्ये डेलॉइटचं झालं. तिथल्या सरकारी खात्याला दिलेल्या ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ निघाले, कोर्टाच्या निकालातलं एक बनावट वाक्य निघालं, एआय वापरलं होतं हे कबूल करावं लागलं आणि काही पैसे परत द्यावे लागले. लोक यातून एआय वाईट एवढंच घेतात. मला दुसरंच दिसतं. हे सापडलं कसं? तो अहवाल खात्याने आपल्या वेबसाइटवर टाकलेला होता, त्यावर फर्मचं नाव होतं, आणि सिडनी विद्यापीठातल्या एका अभ्यासकाने तो बसून वाचला. आपल्याकडे असा अहवाल आला असता तर तो कपाटात गेला असता आणि त्यातले बनावट संदर्भ पुढच्या टेंडरच्या आरएफपीत कॉपी झाले असते. मी अतिशयोक्ती करत नाहीये, आरएफपीत आधीच्या राज्याचं नाव तसंच राहिलेलं मी स्वतः खोडलंय.

त्यामुळे माझी मागणी साधी आहे आणि तिला नवीन कायदाही लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे, त्याच्या कलम ४ प्रमाणे सरकारी कार्यालयांनी स्वतःहून माहिती जाहीर करायची असते. सल्लागाराचा प्रत्येक अंतिम अहवाल साइटवर टाका, त्यावर फर्मचं नाव हवं आणि लिहिणाऱ्या टीमचंही हवं. धोरणाच्या टिपणीत पीएमयूने सुचवलेला भाग कोणता ते नस्तीत वेगळं नोंदवा, मग अधिकाऱ्याने तो मान्य केला की बदलला हे दिसेल. करार संपताना शेवटचं बिल तेव्हाच द्या जेव्हा खात्यातल्या दोन नावानिशी नेमलेल्या कर्मचाऱ्यांना ते डॅशबोर्ड, ते एक्सेल चालवता येतं. फर्म्स याला विरोध करतील, गोपनीयता म्हणतील, बौद्धिक संपदा म्हणतील, पण पैसे जनतेचे असतील तर अहवाल जनतेचा नाही हे कुठल्या तोंडाने म्हणणार? अधिकारीही कुरकुर करतील, कारण अनाम मसुदा त्यांच्याही सोयीचा असतो. सगळ्यात जास्त फायदा टेबलावरच्या चोवीस वर्षांच्या मुलीचा होईल, तिचं नाव कागदावर येणार असेल तर ती तो दाखल्याचा मुद्दा टाकण्याआधी एकदा तालुक्याला जाऊन येईल.

तोपर्यंत ज्यांना ऑफर आहे त्यांना माझा सल्ला, घ्या. पण मंत्रालयातली जागा आणि जिल्ह्यातली जागा यात निवड मिळाली तर जिल्हा घ्या, भले पीजी कोंदट असेल आणि विकेंडला करायला काही नसेल, कारण मंत्रालयात तुम्ही आकडे गोळा करता आणि जिल्ह्यात ते आकडे कसे तयार होतात ते कळतं. दोन-तीन वर्षांनी बाहेर पडायची तयारी ठेवा. त्याहून जास्त राहिलात तर बोलणं फक्त "स्टेकहोल्डर" आणि "कन्व्हर्जन्स"मध्ये व्हायला लागतं, घरचे वैतागतात. आणि ऑफर स्वीकारायच्या आधी एचआरशी नाही, त्या टीममधल्या सगळ्यात ज्युनियर माणसाशी बोला, लिंक्डइनवर सापडतो. त्याला दोनच गोष्टी विचारा, क्लायंटकडून शेवटचं बिल कधी पास झालं आणि आत्ताचे सचिव येऊन किती काळ झाला. बिल सहा महिने अडकलेलं असेल आणि सचिवांना अडीच वर्षं होत आली असतील, म्हणजे बदली जवळ आलेली असेल, तर दुसरी टीम मागून घ्या, फर्म तीच राहिली तरी चालेल.